टिक करूनही ‘मी माणूस आहे’ हे साईटला पटत नसेल तर काय काय बघायचं

फॉर्म सगळा भरून झाला, शेवटी त्या छोट्या चौकोनावर टिक केली, गोल चक्र फिरत राहिलं आणि परत तोच रिकामा चौकोन समोर. किंवा लाल अक्षरात ‘व्हेरिफिकेशन फेल्ड’. किंवा मग बस निवडा, सिग्नल निवडा, जिने निवडा, एक झालं की दुसरं, संपतच नाही. अशा वेळी जवळपास सगळेच एकच गोष्ट करतात, परत परत क्लिक करतात आणि रिफ्रेशवर रिफ्रेश मारतात. नेमकं तेच करायचं नाही. थोड्या वेळात खूप प्रयत्न झाले की समोरच्या सिस्टीमला संशय अजून वाढतो, चित्रं अजून अवघड यायला लागतात आणि काही साईट तर थोड्या वेळासाठी सरळ ब्लॉकच करतात. म्हणून आधी हात थांबवा, पाच-दहा मिनिटं जाऊ द्या आणि मग खाली लिहिलंय तसं एकेक करून बघा.

आणि एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण घरातल्या मोठ्या माणसांना हमखास असं वाटतं की आपल्यालाच चित्रं नीट ओळखता येत नाहीत, आपल्यालाच हे जमत नाही. तसं नसतं हो. हल्लीच्या बऱ्याच तपासण्यांमध्ये तुमचं उत्तर बरोबर की चूक हा भाग छोटा आहे. तुमचा ब्राउझर कसा वागतो, तुमचं नेट कुठून येतंय, कुकीज (साईटने तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी) आहेत की नाहीत, या गोष्टींवरच जास्त करून निकाल लागतो. म्हणजे चित्रं अगदी अचूक निवडली तरी फेल होऊ शकतं, आणि काहीही न निवडता पास होऊ शकतं.

हे असं का झालं ते थोडक्यात. या ‘माणूस की मशीन’ तपासणीला कॅप्चा म्हणतात. हे नाव २००० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटीतल्या लुईस फॉन आन, मॅन्युएल ब्लम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वापरात आणलं, तेव्हा वाकडीतिकडी अक्षरं ओळखायची एवढंच होतं. २००७ मध्ये रीकॅप्चा आलं, त्यात जुन्या पुस्तकांमधले आणि वर्तमानपत्रांमधले कॉम्प्युटरला न वाचता आलेले शब्द लोकांकडून वाचून घेतले जायचे. २००९ मध्ये गूगलने ते विकत घेतलं, २०१४ मध्ये नुसता टिक करायचा चौकोन आला, आणि २०१८ मध्ये तिसरी आवृत्ती आली ज्यात तुम्हाला काही विचारतच नाहीत, मागच्या मागे तुम्हाला ० ते १ मध्ये मार्क देतात. २०२२ मध्ये क्लाउडफ्लेअरने, म्हणजे जिच्या नेटवर्कवर असंख्य साईट चालतात त्या कंपनीने, टर्नस्टाईल नावाची तपासणी आणली, त्यातही कोडं जवळपास नसतंच. २०२४ मध्ये तर स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की गूगलची ती चित्रांची कोडी मशीन शंभर टक्के सोडवतं. म्हणजे चित्रं ओळखता येणं हा माणूस असल्याचा पुरावाच उरला नाही, त्यामुळे सगळा भर ब्राउझर आणि नेटवर्क तपासण्यावर गेला. म्हणून दुरुस्ती पण तिथेच करायची असते.

आधी बघा की गडबड साईटचीच तर नाही ना

हे सगळ्यात आधी बघायचं आणि हेच लोक सगळ्यात शेवटी बघतात. १८ नोव्हेंबर २०२५ ला संध्याकाळी पाचच्या आसपास आपल्याकडे कितीतरी साईटवर एक मेसेज यायला लागला, की पुढे जाण्यासाठी चॅलेंजेस डॉट क्लाउडफ्लेअर डॉट कॉम अनब्लॉक करा. ज्यांनी तो वाचला त्यांना साहजिकच वाटलं की आपल्याच ब्राउझरमध्ये काहीतरी ब्लॉक झालंय, मग कोणी अॅडब्लॉकर काढला, कोणी राउटर बंद चालू केला. आणि प्रत्यक्षात क्लाउडफ्लेअरचंच नेटवर्क पडलं होतं. बॉट (माणसाऐवजी आपोआप साईट वापरणारे प्रोग्राम) ओळखण्यासाठी ते जी फाईल वापरतात ती त्यांच्या डेटाबेसमधल्या एका बदलामुळे दुप्पट झाली, ती मोठी फाईल त्यांच्या सर्व्हरवरच्या सॉफ्टवेअरला झेपली नाही, आणि एक्स आणि चॅटजीपीटीसकट असंख्य साईट अडकल्या. तुम्ही घरी बसून काहीही केलं असतं तरी उपयोग नव्हता.

तर एकाच वेळी दोन-तीन वेगवेगळ्या साईटवर तोच प्रकार दिसत असेल आणि दुसऱ्या गावातल्या मित्रालाही तसंच येत असेल तर काही हात लावू नका, क्लाउडफ्लेअरचं स्टेटस पेज बघा, नाहीतर तासाभराने या. सरकारी साईटचं तर शेवटच्या तारखेला असंच असतं, लोड इतका असतो की कॅप्चाचं चित्रच येत नाही, किंवा येतं आणि बरोबर टाकलं तरी इनव्हॅलिड म्हणतं. रात्री उशिरा किंवा पहाटे करून बघा, तेच काम पटकन होतं.

अक्षरं आणि आकडेवाला कॅप्चा

आपल्याकडच्या सरकारी साईटवर अजून हाच जास्त आहे. सातबारा बघायला महाभूलेखवर जा, माय आधारवर लॉगिन करा, जीएसटी, ई-कोर्ट्स, आयआरसीटीसी, सगळीकडे एक चित्र आणि खाली एक रिकामी चौकट. इथे ब्राउझरचा संशय वगैरे भाग फारसा नसतो, इथले घोळ साधे असतात पण डोक्यात येत नाहीत.

सगळ्यात मोठा घोळ म्हणजे दोन टॅब. तुम्ही एका टॅबमध्ये साईट उघडली, मग काहीतरी बघायला तीच साईट दुसऱ्या टॅबमध्ये उघडली. बऱ्याच साईटचा सर्व्हर तुमच्या सेशनसाठी फक्त शेवटचा कॅप्चा लक्षात ठेवतो. म्हणजे दुसऱ्या टॅबमध्ये नवीन चित्र तयार झालं की पहिल्या टॅबमधलं चित्र बाद, पण ते तुमच्या स्क्रीनवर मात्र तसंच दिसत राहतं. मग तुम्ही अक्षर न् अक्षर बरोबर टाकता आणि ते चूकच म्हणतं. बॅकचं बटण दाबून मागे आलात तरी हेच होतं, जुनं चित्र दिसतं आणि सर्व्हरकडे नवीन असतं. उपाय इतकाच की त्या साईटचे सगळे टॅब बंद करा, एकच उघडा, आणि कॅप्चाच्या शेजारी जे गोल बाणाचं चिन्ह असतं ते एकदा दाबून ताजं चित्र घेऊन मगच टाका.

दुसरं म्हणजे मोबाईलचा कीबोर्ड. पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल होतं आणि कॅप्चाला लहान-मोठं अक्षर वेगळं लागतं. सजेशनवर टॅप करून शब्द घेतला तर शेवटी एक स्पेस पडते, ती दिसत नाही पण मोजली जाते. आणि कीबोर्ड मराठीवर असेल तर काही कीबोर्डवर आकडे देवनागरी पडतात, डोळ्याला ५ आणि इंग्रजी पाच दोन्ही पाचच, पण सर्व्हरसाठी ती दोन वेगळी चिन्हं आहेत. म्हणून कॅप्चा टाकताना कीबोर्ड इंग्रजीवर घ्या, सजेशन वापरू नका आणि टाकून झाल्यावर शेवटी एकदा बॅकस्पेस मारा म्हणजे स्पेस असेल तर जाईल, आणि स्पेस नसून शेवटचं अक्षरच गेलं तर तेवढं परत टाका. शून्य की ओ, एक की एल की कॅपिटल आय असा घोळ वाटला तर अंदाज लावत बसू नका, सरळ रिफ्रेश करून दुसरं चित्र घ्या. लॉगिनवर तर नक्कीच, कारण तिथे चुकीचे प्रयत्न मोजले जाण्याची शक्यता असते आणि अकाउंट लॉक झालं तर वेगळाच व्याप.

तत्काळवाल्यांसाठी एवढंच, की एसीचं १० वाजता आणि नॉन एसीचं ११ वाजता उघडतं तेव्हा लॉगिनचा कॅप्चा आणि पुढे पॅसेंजरची माहिती भरल्यावर येणारा कॅप्चा हे दोन्ही डोक्यात धरा, दोन टॅबमध्ये एकच अकाउंट चालवायच्या भानगडीत पडू नका, आणि फॉर्म आपोआप भरून देणारी एक्स्टेंशन (ब्राउझरला वरून जोडलेली छोटी सॉफ्टवेअर) तर लावूच नका, अशा एक्स्टेंशनमुळेच तुम्ही बॉटसारखे दिसता.

टिकवाला किंवा काहीच न विचारणारा प्रकार

इथे मात्र शोध घ्यावा लागतो. शोधायची पद्धत अशी की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. सगळं एकदम बदललं तर चालू होईलही, पण कशामुळे झालं ते कळणार नाही आणि पुढच्या आठवड्यात परत तेच.

पहिल्यांदा तीच साईट इन्कॉग्निटो विंडोत उघडा. तिथे चाललं तर दोष एक्स्टेंशनमध्ये किंवा साठलेल्या कुकीजमध्ये आहे, कारण इन्कॉग्निटोमध्ये एक्स्टेंशन सहसा बंद असतात आणि कुकीज कोऱ्या असतात. तिथेही नाही चाललं तर दुसरा ब्राउझर घ्या, क्रोम असेल तर फायरफॉक्स किंवा एज. तिथे चाललं तर पहिल्या ब्राउझरच्या सेटिंगमध्ये काहीतरी आहे. तिथेही नाही चाललं तर वायफाय बंद करून मोबाईलच्या हॉटस्पॉटवर घ्या. आता चाललं तर दोष घरच्या नेटचा. हॉटस्पॉटवरही त्याच लॅपटॉपवर अडतंय पण फोनवर मात्र उघडतंय तर लॅपटॉपमध्येच काहीतरी आहे. एवढं केलं की निम्मं काम झालं.

ब्राउझरमध्ये दोष निघाला तर एक्स्टेंशन एकेक करून बंद करा. अॅड ब्लॉक करणारी, स्क्रिप्ट अडवणारी, ट्रॅकिंग थांबवणारी, आणि ब्राउझरची ओळख बदलून दाखवणारी, ही चार प्रकारची आधी. ती काढून टाका असं मी अजिबात म्हणत नाही, अॅडब्लॉकर असावाच, फक्त त्या एका साईटपुरता बंद करा, प्रत्येकात तशी सोय असते. ब्रेव्ह वापरत असाल तर अॅड्रेस बारमधल्या सिंहावर टॅप करून त्या साईटसाठी शील्ड्स बंद. फायरफॉक्समध्ये कोणी फिंगरप्रिंटिंग रोखायचं कडक सेटिंग लावून ठेवलं असेल तर त्याने पण अडतं, कारण त्या सेटिंगचं कामच ब्राउझरची माहिती लपवणं आहे आणि तपासणी नेमकी तीच माहिती मागते.

मग कुकीज. सगळ्याच्या सगळ्या उडवू नका, बाकी सगळीकडून लॉगआउट व्हाल. अॅड्रेस बारच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करून त्या साईटचाच डेटा पुसा आणि पेज नव्याने उघडा. क्रोमच्या प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये थर्ड पार्टी कुकीज पूर्ण बंद केलेल्या असतील तर त्या साईटसाठी परवानगी द्या. क्लाउडफ्लेअर पास झाल्यावर एक कुकी ठेवतं की हा माणूस तपासून झालाय, ती कुकी ठेवूच दिली नाही तर प्रत्येक पानावर नव्याने तपासणी होणार, आणि तेच ते न संपणारं चक्र.

आता घड्याळ. हे ऐकायला फालतू वाटतं पण कितीतरी जुन्या कॉम्प्युटरचा खरा आजार हाच असतो. आमच्या बिल्डिंगमधल्या काकांचा डेस्कटॉप, रोज रात्री मेन स्विच बंद करायची त्यांना सवय, आणि मदरबोर्डवरचा तो गोल सेल संपलेला. सकाळी चालू केला की तारीख कितीतरी वर्षं मागे. काही साईट उघडायच्या, काही ‘कनेक्शन प्रायव्हेट नाही’ म्हणायच्या, आणि त्या टिकवाल्या चौकोनावर काहीही केलं तरी फेल. काका रोज चित्रं निवडून निवडून थकायचे. सेल बदलला, तारीख बरोबर लागली आणि त्याच दिवशी सगळं सुरळीत. साईटचं सर्टिफिकेट अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच चालतं आणि तपासणी पास झाल्याचं टोकनही (म्हणजे तात्पुरती पावती) काही मिनिटांपुरतंच असतं, त्यामुळे कॉम्प्युटरची वेळ चुकली की दोन्ही बाद. टर्नस्टाईल तर कधीकधी स्पष्ट लिहितं की तुमच्या डिव्हाइसचं घड्याळ चुकीचं आहे. तर सेटिंगमध्ये वेळ आपोआप लागेल असं ठेवा, टाइम झोन कोलकाता आहे का बघा, आणि वेळ रोज मागे जात असेल तर सेल बदला, २०३२ नंबरचा सेल बहुतेक डेस्कटॉपला लागतो आणि घड्याळाच्या दुकानात पण मिळतो.

टोकनवरून आठवलं, टिक सगळ्यात शेवटी करा. रीकॅप्चाची टिक २ मिनिटांत शिळी होते, टर्नस्टाईलची ५ मिनिटांत. लोक आधी टिक करतात, मग फोटो शोधतात, त्याची साईज कमी करतात, अपलोड करतात आणि सबमिट दाबतात, तोवर टिक केव्हाच बाद झालेली असते. फॉर्म आधी पूर्ण, टिक शेवटी आणि लगेच सबमिट.

ब्राउझर जुना असेल तर त्यालाही इलाज करावा लागतो. विंडोज ७ आणि ८.१ वर क्रोम १०९ नंतर नवीन आवृत्ती येतच नाही, आणि ती जानेवारी २०२३ ची आहे. अशा मशीनवर टिकवाल्या तपासण्या हळूहळू बंद पडत जाणार. तोपर्यंत फायरफॉक्सची जुन्या विंडोजसाठीची ११५ नंबरची आवृत्ती टाकून बघा, पण खरं उत्तर मशीन अपग्रेड करणं हेच, नाहीतर महत्त्वाची कामं मोबाईलवर करा.

बाकी दोन छोट्या गोष्टी. क्रोमने पानाचं आपोआप मराठीत भाषांतर केलेलं असेल तर ते मूळ भाषेत आणा, भाषांतराने पानाचा सांगाडा हलतो आणि बटण चालत नाही. आणि डेव्हलपर टूल्सची खिडकी उघडी असेल तर ती बंद करा, ती उघडी असताना काही तपासण्या पुढे जात नाहीत.

नेटचा दोष निघाला तर

आपल्याकडचं मोबाईल नेट बहुतेक वेळा असं असतं की शेकडो लोक एकाच आयपी पत्त्यामागे असतात, जसं एका मोठ्या वाड्याला रस्त्याकडून एकच दरवाजा. त्यातल्या कोणी एकाने बॉट चालवला की बाहेरच्याला तो दरवाजाच खराब वाटतो आणि तुमची काही चूक नसताना तुम्हाला चित्रांवर चित्रं सोडवावी लागतात. गूगल जेव्हा म्हणतं की तुमच्या नेटवर्कवरून असामान्य ट्रॅफिक येतंय, तेव्हा बऱ्याचदा हेच कारण असतं. फोन दहा-पंधरा सेकंद एअरप्लेन मोडवर टाकून काढा, बऱ्याचदा नवीन पत्ता मिळतो. घरचं नेट असेल तर राउटर पाच मिनिटं बंद ठेवून चालू करा.

व्हीपीएन (तुमचं नेट दुसऱ्याच ठिकाणाहून येतंय असं दाखवणारं अॅप) चालू असेल तर आधी तो बंद करा. फुकटचा व्हीपीएन तर फोनमधून काढूनच टाका, हे मी कळकळीने सांगतो. त्यातले काही तुम्हाला सोय देतात आणि बदल्यात तुमचं घरचं नेट दुसऱ्यांना भाड्याने देतात, म्हणजे कुणीतरी अनोळखी माणूस तुमच्या पत्त्यावरून काहीतरी करत असतो आणि डाग तुमच्या पत्त्यावर.

तसाच प्रकार स्वस्त अँड्रॉइड टीव्ही बॉक्सचा. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने बॅडबॉक्स २.० बद्दल जाहीर इशारा दिला होता, त्यात अनोळखी कंपन्यांचे टीव्ही बॉक्स, प्रोजेक्टर असली उपकरणं कारखान्यातूनच किंवा पहिल्या सेटअपच्या वेळी मालवेअर घेऊन येतात, आणि अशी दहा लाखांहून जास्त उपकरणं जगभर सापडली. घरात सगळ्यांच्याच फोनवर आणि लॅपटॉपवर सगळीकडे कॅप्चा येत असेल आणि घरात असा कुठलातरी बिननावाचा बॉक्स असेल तर तो दोन-तीन दिवस प्लगमधून काढून ठेवा आणि फरक पडतो का बघा. पडला तर तो परत लावू नका, रिसेट करून पण नाही.

डीएनएस (साईटच्या नावावरून तिचा नेटवरचा पत्ता शोधून देणारी सोय) पण बघा. जाहिराती बंद करायला कोणीतरी फोनमध्ये प्रायव्हेट डीएनएस टाकून दिलेला असतो आणि मग विसरलेला असतो. सेटिंगमध्ये नेटवर्कच्या भागात प्रायव्हेट डीएनएस सापडेल, तो ऑटोमॅटिकवर टाकून बघा. लॅपटॉपवर अँटीव्हायरसमधलं वेब स्कॅनिंग तात्पुरतं बंद करून बघा. ऑफिसचं नेट असेल तर तिथल्या फायरवॉलमुळे अडत असेल, आयटीवाल्यांना सांगण्याशिवाय पर्याय नाही. आणि फोन वायफाय कमजोर झाला की आपोआप मोबाईल डेटावर उडी मारतो ना, तपासणी चालू असताना ती उडी बसली तर तपासणी एका पत्त्यावरून सुरू होते आणि उत्तर दुसऱ्यावरून जातं, मग फेल. तेवढ्यापुरतं दोन्हीपैकी एकच चालू ठेवा.

परदेशात राहणाऱ्यांसाठी एक वेगळी अडचण. दुबई किंवा न्यू जर्सीहून गावचा सातबारा बघायला जाता आणि पानच उघडत नाही किंवा कॅप्चाचं चित्र येत नाही. आपल्या काही सरकारी साईट परदेशी पत्त्यांना आत घेत नाहीत, त्यात तुमच्या ब्राउझरचा काही संबंध नसतो. गावाकडे कोणी विश्वासाचं असेल तर त्याच्याकडून उतारा डाउनलोड करून मागवणं हाच सोपा रस्ता.

फोनवरचं वेगळं

इन्स्टा किंवा फेसबुकवरची लिंक त्या अॅपच्याच आतल्या ब्राउझरमध्ये उघडते, तिथे कुकीज नीट टिकत नाहीत. वरचे तीन ठिपके दाबून क्रोममध्ये किंवा सफारीत उघडा, कितीतरी वेळा एवढ्यानेच काम होतं. एखाद्या अॅपच्या आतच तपासणी अडत असेल तर प्ले स्टोअरवर जाऊन अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू अपडेट करा, अॅपच्या आतली वेब पानं तोच दाखवतो. आयफोनवर आयओएस १६ पासून एक चांगली सोय आहे, सेटिंग्जमध्ये वरच्या आपल्या नावावर जाऊन साइन इन अँड सिक्युरिटीच्या तळाशी ऑटोमॅटिक व्हेरिफिकेशन चालू ठेवा, मग ज्या साईट ते मानतात तिथे अॅपलच तुमच्या वतीने सांगतं की हा खरा फोन आहे आणि कोडं येतच नाही.

चित्रं आलीच तर

घाई करू नका. सिग्नलचा खांब धरायचा का, चौकटीत बसचा जरासा कोपरा आलाय तो धरायचा का, यावर डोकं शिणवू नका, ठळक दिसणारे तुकडे निवडा, एखादा कोपरा सुटला तरी बहुतेक वेळा चालतं. ज्यात निवडलेलं चित्र हळूहळू जाऊन नवीन येतं तिथे नवीन चित्र पूर्ण येईपर्यंत थांबा आणि मगच व्हेरिफाय दाबा. तीन-चार फेऱ्या होऊनही सोडत नसेल तर पुढे सोडवू नका, चित्रांत काही राम नाही, नेट किंवा ब्राउझरकडे वळा.

दिसायला त्रास होत असेल त्यांच्यासाठी हेडफोनचं चिन्ह असतं, त्यात बोललेलं ऐकून टाइप करायचं. नेटचा पत्ता खराब ठरलेला असेल तर ही ऑडिओची सोय बंद करतात आणि हा खरंच अन्याय आहे, कारण ज्याला दिसत नाही त्याच्याकडे दुसरा मार्गच नसतो. एचकॅप्चा ही रीकॅप्चासारखीच दुसरी तपासणी आहे, तिच्या साईटवर अशा लोकांसाठी ईमेल देऊन एक खास कुकी मिळते, ती घेऊन ठेवा. आपल्याकडच्या सरकारी साईटपैकी कितीतरी ठिकाणी कॅप्चाला आवाजाचा पर्यायच नाही, किंवा बटण आहे आणि चालत नाही. तिथे गप्प बसू नका. ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टाने अॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टी नसलेल्या लोकांच्या याचिकांवर निकाल दिला, डोळे मिचकावून दाखवायची डिजिटल केवायसीची अट त्यांना पूर्ण करता येत नव्हती. कोर्टाने म्हटलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि केवायसी सगळ्यांना करता यावी म्हणून २० निर्देश दिले. बँकेला किंवा सरकारी खात्याला तक्रार लिहिताना हा निकाल आणि २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा, दोन्हींचा उल्लेख करा.

हे मात्र कधीच करायचं नाही

तपासणीच्या नावाखाली सध्या सगळ्यात वाईट फसवणूक चालू आहे. पान अगदी क्लाउडफ्लेअरसारखं दिसतं, टिक केली की म्हणतं, माणूस असल्याचं सिद्ध करायला विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल व्ही, मग एंटर. तुम्ही टिक केली तेव्हाच त्यांनी एक कमांड तुमच्या क्लिपबोर्डवर टाकलेली असते, आणि या तीन पायऱ्यांनी तुम्ही ती स्वतःच्या हाताने चालवता. ती पासवर्ड आणि बँकेचे सेशन चोरणारं सॉफ्टवेअर उतरवते. २०२४ पासून हे खूप पसरलंय, याला क्लिकफिक्स म्हणतात, मॅकवर टर्मिनल उघडायला सांगतात. अँटीव्हायरसही बऱ्याचदा अडवत नाही कारण कमांड तुम्हीच दिलेली असते.

कुठलीही खरी तपासणी ब्राउझरच्या बाहेर जायला सांगत नाही. बटणांची जोडी दाबा, काहीतरी पेस्ट करा, फाईल डाउनलोड करा, अॅप टाका, यातलं काहीही आलं की टॅब बंद. तसंच ‘रोबोट नाही हे दाखवायला अलाऊ दाबा’ असं आलं तर ती नोटिफिकेशनची परवानगी असते, दाबली की दिवसभर फोनवर घाणेरड्या आणि खोट्या व्हायरसच्या जाहिराती येत राहतात. दाबलं गेलं असेल तर क्रोमच्या साईट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशनच्या यादीतून ती साईट काढा. आणि घरातल्या मोठ्यांना हा परिच्छेद वाचून दाखवा, नुसता फॉरवर्ड करू नका, समोर बसून दाखवा.

कमांड चालवली गेली असेल तर लगेच नेट तोडा. दुसऱ्या फोनवरून आधी ईमेलचा आणि मग बँकेचा पासवर्ड बदला, सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउटचा पर्याय वापरा, बँकेला कळवा, आणि ते मशीन फॉरमॅट केल्याशिवाय त्यावर पैशाचं काही करू नका. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर तात्काळ फोन, जितका लवकर कराल तितकी पैसे अडवले जायची शक्यता जास्त.

सगळं करूनही नाही झालं तर

मग साईटवाल्यांना लिहा, आणि नुसतं ‘चालत नाही’ असं लिहू नका, त्यावर त्यांना काहीच करता येत नाही. क्लाउडफ्लेअरच्या पानावर खाली रे आयडी नावाचा आकडे-अक्षरांचा लांब नंबर असतो, तो त्या एका प्रयत्नाचा नंबर असतो आणि त्यावरून त्यांना नेमकं कशामुळे अडवलं ते दिसतं. चौकोनात एरर कोड दिसत असेल तर तो, ३०० किंवा ६०० ने सुरू होणारा लांब कोड असेल तर साधारण तुमच्या बाजूला ब्राउझरमध्ये काहीतरी अडतंय आणि ११०२०० असेल तर साईटवाल्यांनीच डोमेन नीट नोंदवलेलं नाही, म्हणजे ते त्यांनीच दुरुस्त करायचं. स्क्रीनशॉट, तारीख आणि वेळ, ब्राउझरची आवृत्ती, कुठल्या नेटवर होतात, आणि वरच्यापैकी काय काय करून बघितलं ते चार ओळींत. फॉर्मची शेवटची तारीख असेल तर हा मेल मुदत संपायच्या आत पाठवा आणि जपून ठेवा, पुढे मुदतवाढ मागायला किंवा तक्रार करायला तोच कामाला येतो.